घरच्या घरी वस्तऱ्याला धार लावणे: दगड, पट्टा आणि नेहमीच्या अडचणी

निसणा

या धाग्यात वस्तरा म्हणजे अखंड पात्याचा, मुठीत दुमडणारा वस्तरा. सलूनमध्ये हल्ली दिसतो त्यात अर्धे ब्लेड घालतात आणि दर गिऱ्हाइकाला बदलतात, त्याला धार लावायचा प्रश्नच येत नाही. पण जुन्या धोकट्यांमधले जर्मनीतल्या झोलिंगनचे आणि इंग्लंडमधल्या शेफील्डचे वस्तरे अजून बऱ्याच घरांत आहेत, नवे ऑनलाइन मिळतात, आणि धार लावून देणारा माणूस मात्र सहज सापडत नाही. सुऱ्या-कात्र्यांना चाकावर धार लावणाऱ्याकडे वस्तरा देऊ नका. त्याचा फिरता दगड खरखरीत असतो आणि वस्तऱ्याची कड इतकी पातळ की क्षणात तापते. पोलाद पिवळसर किंवा निळे दिसू लागले की त्या जागेचे पाणी उतरले, म्हणजे कडकपणा गेला. मग तेवढा भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही.

आधी रचना. सुरीला धार लावताना कोन हाताने राखावा लागतो. वस्तऱ्याचा कोन घडवतानाच ठरलेला असतो: पाते दगडावर आडवे ठेवले की जाड पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात. पाठ कधीही उचलायची नाही. पाठीची जाडी 5 मिमी आणि पाठ जिथे टेकते तिथपासून धारेपर्यंत अंतर 18 मिमी असेल, तर दोन्ही बाजू मिळून कोन साधारण 16 अंशांचा होतो. व्हर्निअरने मोजा आणि अंतराला जाडीने भागा. साडेतीनच्या आसपास उत्तर आले तर वस्तरा ठीक आहे. 4 आले तर कोन जेमतेम 14 अंश, अशी धार दाढी करताना कपचे टाकते. 3 आले तर कोन 19 अंशांच्या वर, मग केस कापण्याऐवजी ओढले जातात. धार झिजते तशी पाठही झिजते, त्यामुळे हा कोन वर्षानुवर्षे फारसा हलत नाही.

दगड: 1000, मग 3000 किंवा 4000, मग 8000. त्यावर 12000 असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. हे आकडे जपानी मोजणीचे आहेत. त्यात 1000 चा कण सुमारे 12 ते 15 मायक्रॉन आणि 8000 चा सुमारे 1.2 मायक्रॉन असतो. हार्डवेअरच्या दुकानातल्या पॉलिश पेपरवर P1000 लिहिलेले असते, ती मोजणी युरोपीय. त्याचा कण 18 मायक्रॉनचा, म्हणून दोन्ही एकच समजू नका.

दगड सपाट हवा. नवा दगडही सपाट असेलच असे नाही. 10 मिमी जाडीच्या काचेवर 220 किंवा 320 चा वॉटर पेपर ओला करून चिकटवा, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि वाहत्या पाण्याखाली घासा. सगळ्या रेघा गेल्या की पुन्हा आखा आणि पुन्हा घासा. दुसऱ्या वेळी रेघा सगळीकडून एकदम गेल्या तर दगड सपाट झाला. शहाबादी फरशी किंवा कडाप्पा यासाठी चालत नाही, डोळ्याला सपाट दिसला तरी त्यात खोलगटपणा असतो. दगडाच्या चारही कडा थोड्या गोल करून घ्या, नाहीतर कडेचा कण सुटून धारेखाली येतो. आणि बारीक दगडावर जाण्याआधी दगड, पाते आणि हात तिन्ही धुवा. 8000 वर हजाराचा एक कण आला तरी धारेत खाच पडते.

आता मुख्य काम. धार हजारावर बनते. पुढचे दगड ती फक्त गुळगुळीत करतात. घरी लावलेली धार फसते त्यातल्या बहुतेक वेळा कारण एकच असते: दोन्ही बाजूंचे उतार एकमेकांना मिळण्याआधीच माणूस पुढच्या दगडावर गेलेला असतो. उतार म्हणजे कडेलगत दगडाने घासून झालेली अरुंद चकचकीत पट्टी, जिला बेव्हल म्हणतात. पोकळ घासणीच्या, म्हणजे पाठ आणि धार यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी आत घासलेल्या वस्तऱ्यात ती अर्धा-पाऊण मिलिमीटर रुंद असते. डावी-उजवी पट्टी जिथे मिळते ती धार. मिळालीच नाही तर मध्ये एक बोथट माथा राहतो, आणि तो 8000 वर कितीही घासला तरी चकचकीत बोथट माथाच राहतो.

कृती अशी. दोन्ही उतारांना काळा परमनंट मार्कर लावा. ओल्या दगडावर अगदी हलका एक फेरा मारा. फेरा म्हणजे जाऊन-येऊन. धार पुढे ठेवून जायचे, टोकाशी पाठीवर वळवायचे आणि धार पुढे ठेवूनच परत यायचे. शाई कुठे गेली ते पाहा. धारेच्या अगदी कडेवरची शाई टाचेपासून (धारेचा मुठीकडचा शेवट) टोकापर्यंत गेली तर रचना बरोबर आहे. वरची गेली आणि कडेची राहिली तर धार अजून दगडाला लागलेली नाही.

मग एका बाजूने 20 ते 25 लहान वर्तुळे, दुसऱ्या बाजूने तितकीच. बोटाचे वजन पात्याच्या मधोमध नाही, पाठीकडे ठेवा. असे दोन-तीन वेळा झाल्यावर 15-20 तिरके फेरे मारा. तिरके म्हणजे सुरुवात टाचेने आणि शेवट टोकाने, पाते पुढे सरकता सरकता बाजूलाही सरकते. दगड साधारण 70 मिमी रुंद आणि पाते त्याहून थोडे लांब, म्हणून सरळ फेऱ्यात टाच किंवा टोक उपाशी राहते. शिवाय दगडाच्या पृष्ठभागात बारीक चढउतार असले तर ते तिरक्या फेऱ्याने सारखे वाटले जातात.

दाब किती? हजारावर पात्याचे वजन आणि वर जरासा. दाब वाढवला की पोकळ घासणीचे पाते वाकते, उतार मध्येच घासला जातो आणि कड दगडावरून उचलली जाते. म्हणजे जोर लावून काम वेगाने होत नाही, ते धारेपासून दूर होते.

हजार पुरेसा झाला हे ओळखायच्या तीन खुणा. एक, मनगटावरचे केस त्वचेलगत, टाच-मध्य-टोक तिन्ही ठिकाणी सारखे निघावेत. दोन, पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर पाते नुसते टेकवून सरकवले तर दाब न देता साल कापली जावी, आणि हे इंचाइंचाने तपासावे. तीन, भिंगाखाली कडेवर एकही चमकणारा ठिपका नसावा. तिन्ही जमत नसतील तर पुढे जाऊ नका. जुन्या बोथट वस्तऱ्याला इथे तास-दीड तासही लागू शकतो, आणि तो वेळ वाया जात नाही.

पुढचे दगड लवकर होतात. 4000 वर हजाराचे ओरखडे जाईपर्यंत, म्हणजे 20 वर्तुळे आणि 25 तिरके फेरे. 8000 वर 30 ते 40 तिरके फेरे, शेवटचे दहा फक्त पात्याच्या वजनाने. इथे पाण्याकडे लक्ष द्या. धार नीट टेकलेली असेल तर पाते पुढे जाताना त्याच्यासमोरचे पाणी खाली न जाता पात्यावर चढते. जिथे पाणी धारेखालून निसटते, तिथे धार टेकलेली नाही. ही खूण फुकट आहे आणि चुकत नाही.

भिंग

निसणा, कडेवरच्या चमकणाऱ्या ठिपक्यांबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण ही चाचणी सर्वात खात्रीची आहे आणि सर्वात कमी लोक करतात.

सोनारांचे 10 पट भिंग पुरे. एकच दिवा डोक्यामागून किंवा खांद्यावरून येऊ द्या. पाते धार वर करून धरा आणि कडेकडे सरळ वरून बघा. खऱ्या धारेला रुंदीच नसल्यामुळे तिच्यावरून प्रकाश परावर्तित होत नाही, काळी रेघ दिसते. जिथे पांढरा ठिपका किंवा बारीक रेषा चमकते, तिथे बोथट माथा शिल्लक आहे. पाते हळूहळू पुढे-मागे झुकवत टाचेपासून टोकापर्यंत जा. ठिपके दिसले तर त्या जागी मार्कर लावा आणि फक्त तिथे काही वर्तुळे मारा.

ओरखडे बघायला 40 ते 60 पट लागते. इथे खोली जास्त महत्त्वाची, संख्या नव्हे. 4000 च्या बारीक रेघांमध्ये हजाराची एखादी खोल रेघ कडेपर्यंत गेली असेल तर कडेवर ती दात बनते. असा दात गालावर जाणवतो. 4000 वर दिशा बदलून फेरे मारले की जुन्या रेघा चटकन वेगळ्या ओळखू येतात.

केस लटकवून कापायची चाचणी मात्र हजाराचा निकाल देण्यासाठी वापरू नये. केस कोणाचा, कोरडा की तेलकट, मुळाच्या बाजूने धरला की टोकाच्या, यावर उत्तर बदलते. तीच ती धार आणि तोच धुतलेला केस असेल तर तुलना म्हणून चालेल.

रानवारा

एक प्रश्न. पाते दगडावर ठेवल्यावर टाचेजवळचा जाड खांदा दगडाला लागतो आणि मधली धार उचललेली राहते. मार्कर लावून पाहिले, टाचेकडची शाई तशीच. नवा आणि स्वस्तातला वस्तरा आहे. जोर लावावा का?

निसणा

नाही, रानवारा. जोर लावाल तर खांदा दगडात रुतेल, पाते पिळले जाईल आणि पाठीवर एकाच जागी सपाट डाग पडेल. स्वस्त वस्तऱ्यांमध्ये ही अडचण फार दिसते, कारण खांद्याची जाड पट्टी धारेच्या फार जवळ आणून सोडलेली असते.

दोन उपाय. पहिला: पाते दगडावर 30 ते 45 अंशांनी तिरके धरा, टाच पुढे आणि टोक मागे, आणि खांदा कायम दगडाच्या कडेबाहेर ठेवा. त्यामुळे टाचेजवळची धार दगडावर येते आणि खांदा हवेत राहतो. दुसरा, कायमचा: टाचेचा कोपराच गोल करून घ्या. 300-400 च्या डायमंड प्लेटवर (हिऱ्याचे कण बसवलेली सपाट पट्टी) पाते उभे धरून टाचेचा टोकदार कोपरा मागे सरकवा, म्हणजे धारेची सुरुवात खांद्यापासून 5-6 मिमी पुढे येते. हाताने, पाण्यात. ग्राइंडर लावायचा नाही, कारण तापण्याबद्दल वर लिहिले आहे. हे केल्यावर त्या भागाला नवा उतार पाडावा लागेल, म्हणजे हजारावरचे काम पहिल्यापासून.

चाफेकळी

जुन्या वस्तऱ्यांबद्दल. दगड हातात घेण्याआधी तो धार लावण्यालायक आहे का ते बघा, नाहीतर तासन् तास जातील.

नखावर पाते हलके दाबून सरकवा आणि उतार नखावर वाकताना त्यात तडा दिसतो का पाहा. केसाएवढा तडा धारेपासून वर गेला असेल तर वस्तरा बाद. त्याला दुरुस्ती नाही. गंज पाठीवर किंवा पोटावर असेल तर तो फक्त दिसण्याचा प्रश्न आहे. कडेला लागून काळे खड्डे असतील तर दगडावर धार जसजशी मागे सरकते तसतसे नवे खड्डे उघडे पडतात आणि प्रत्येक खड्डा म्हणजे कडेला एक खाच.

मूठ सेल्युलॉइडची असेल तर वास घ्या. कापराऐवजी आंबट, झोंबणारा वास येत असेल आणि मुठीत बंद राहणाऱ्या भागावरच गंज चढला असेल, तर मूठ कुजते आहे. तिच्यातून बाहेर पडणारी आम्ल वाफ पाते खाते. ती मूठ काढून टाका आणि बाकीच्या वस्तऱ्यांपासून लांब ठेवा. सेल्युलॉइड भयंकर वेगाने पेटते हेही लक्षात असू द्या.

गंज काढताना धारेवर आधी इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवा, बोटांसाठी. वरवरचा गंज मेटल पॉलिशने जातो. खोल असेल तर 600, 1000, 2000 चा वॉटर पेपर पाठीपासून धारेच्या दिशेने फिरवा, धारेच्या लांबीने नाही. पात्यावर सोनेरी मुलाम्याची नक्षी असेल तर तिच्यावर पॉलिश अजिबात नको, मुलामा एका पुसण्यात जातो.

धार मध्ये खचलेली, म्हणजे कडा आत वळलेली असेल तर ती आधी सरळ करावी लागते. पाते उभे धरून डायमंड प्लेटवर धारच घासायची, सरळ होईपर्यंत. त्यानंतर हजारावर फार काम पडते, पण दुसरा मार्ग नाही. उलट धार बाहेर फुगलेली, हसरी असेल तर ती दोष समजू नका. बऱ्याच जुन्या शेफील्डच्या वस्तऱ्यांची घडणच तशी आहे. तिथे फेऱ्यात मनगट किंचित फिरवायचे: सुरुवातीला वजन टाचेवर, शेवटी टोकावर.

दुसऱ्याने वापरलेला वस्तरा घेतला असेल तर पाते 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओले करून दहा मिनिटे ठेवा. मूठ भिजवू नका, शिंग फुगते आणि सेल्युलॉइड मऊ पडते. घरातल्या दोघांनी एकच वस्तरा वापरू नये हे सांगायला नकोच.

मायक्रॉन

दगडांचा खर्च परवडत नसेल तर लॅपिंग फिल्म घ्या. अॅल्युमिनियम ऑक्साइडचे नेमक्या आकाराचे कण चिकटवलेली प्लास्टिकची पातळ शीट असते: 12, 5, 3 आणि 1 मायक्रॉन. 10 मिमी काचेवर पाणी शिंपडून फिल्म बसवा, रबराने पाणी बाहेर ढकला, बुडबुडा राहू देऊ नका. काच सपाट असल्यामुळे दगड सपाट करायचे कामच वाचते.

काही गोष्टी सांभाळा. फिल्मवर वर्तुळे मारू नका, कडेने फिल्म कापली जाते. फक्त तिरके फेरे. फेऱ्याच्या शेवटी पाते वळवताना धार खाली जाऊ देऊ नका. फिल्मवर राखाडी थर दिसला की पुसा. 12 मायक्रॉनची फिल्म थोड्याच वेळात मंद होते, म्हणून बोथट वस्तऱ्याचा उतार पाडायला हजाराचा दगडच बरा. फिल्म खरी कामाची 3 आणि 1 मायक्रॉनला. 1 मायक्रॉनच्या फिल्मखाली ओला साधा कागद ठेवला तर स्पर्श थोडा मऊ होतो आणि धार गालाला कमी बोचते.

कातळ

नैसर्गिक दगडांचा उल्लेख आला नाही म्हणून लिहितो. बेल्जियममधल्या आर्देन डोंगराळ भागात, व्हिएल्सामच्या परिसरात कोटिक्यूल नावाचा पिवळसर दगड निघतो. त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे बारीक कण असतात. त्याची मौज अशी की एकाच दगडावर सगळी कामे होतात. छोट्या दगडाने घासून दुधासारखी दाट स्लरी (दगडाचे सुटे कण मिसळलेले पाणी) केली तर तो भरभर कापतो, मग दर काही फेऱ्यांनी पाण्याचे थेंब टाकून स्लरी पातळ करत न्यायची, आणि शेवट नुसत्या पाण्यावर. पातळ करणे घाईने केले तर मधली पायरी सुटते. घट्ट स्लरीवरच थांबले तर धार मंद राहते, कारण सुटे कण कडेला समोरून धडकतात.

एक मुद्दा वेगळा मांडतो. जुन्या वस्तऱ्याची धार हजारावर जाण्याआधी काचेच्या गोल कडेवर हलकेच ओढून मारून टाकावी. एकदाच, पात्याच्या वजनाने. मग केस कापले जाऊ लागले की उतार मिळाला हे नक्की कळते, जुन्या धारेच्या उरलेल्या तुकड्याने फसवणूक होत नाही.

भिंग

कातळ, हे सरसकट नको. जिच्या कडेला खाचा आहेत किंवा धार आधीच गोल झाली आहे तिथे ठीक. पण चांगला उतार असलेला, नुसता मंद झालेला वस्तरा काचेवर मारला तर गरज नसताना पोलाद जाते, आणि पात्याची रुंदी परत येत नाही. फसवणूक टाळायची असेल तर भिंग आहे.

कातळ

भिंग हातात असेल आणि बघता येत असेल तर मान्य. नवशिक्याला ठिपका आणि पाण्याचा थेंब यातला फरक कळायला वेळ लागतो, त्याच्यासाठी काच सोपी. पात्याच्या वजनापेक्षा जास्त दाब नसेल तर जाते ते पोलाद मोजण्याइतकेही नसते.

निसणा

दोघांचेही लक्षात घेऊन: वस्तरा नुसता मंद झाला असेल तर हजार लागतच नाही. आधी पट्टा (चामड्यावर फिरवणे), मग 8000 किंवा 12000 वर 15-20 फेरे, मग पुन्हा पट्टा. एवढ्याने धार आली नाही तरच खाली उतरा, आणि तिथे कातळ म्हणतात तसे करायचे की नाही ते ठरवा.

पाठीवर टेप लावण्याबद्दल व्यक्तिगत निरोपात विचारणा झाली, उत्तर इथेच देतो. इन्सुलेशन टेपचा एक थर साधारण 0.15 मिमी. 5 मिमी पाठीवर दोन्ही बाजूंना लागला की कोन जवळपास एका अंशाने वाढतो. नक्षीदार किंवा आधीच झिजलेली पाठ वाचवायला टेप योग्य. पण एकदा टेप लावून उतार पाडला तर पुढे प्रत्येक वेळी टेप लावावी लागते, नाहीतर धार दगडाला लागत नाही. प्रत्येक दगडावर जाताना टेप बदला: जुनी झिजलेली असते आणि तिच्यात मागच्या दगडाचे कण रुतलेले असतात.

पायताण

पट्ट्याबद्दल. दगडावर कितीही चांगले काम केले तरी पट्टा चुकला की धार जाते.

चामडे वनस्पतिजन्य कमावणीचे घ्या. कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेले चामडे वापरतात, त्या जातीचे, पण गुळगुळीत आणि खिळे-शिवणीची भोके नसलेले. जाडी 2.5 ते 3 मिमी, रुंदी 65 ते 75 मिमी, वापरता येईल अशी लांबी निदान 40 सेंमी. दाणेदार बाजू वर. चामड्याला गाठ, सुरकुती किंवा चावल्याचा डाग असेल तर तो तुकडा नको, पाते तिथे उडी मारते. नव्या पट्ट्यावर स्वच्छ तळहात रोज काही मिनिटे फिरवा. तेल ओतू नका, मऊ पडला की तो पात्याभोवती वळतो.

जोडीला जाड सुती कॅनव्हास किंवा तागाची पट्टी हवी. आधी कापडावर 20-25 फेरे, मग चामड्यावर 50-60. इथे दिशा दगडाच्या उलट: पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचल्यावर आधी थांबा, मग धार उचलून पाठीवर पाते पलटा आणि परत या. धारेवर पलटले तर पट्टा कापला जातो आणि धारही दुमडते. पात्याची शेपटी (पाते आणि मूठ यांना जोडणारा अरुंद भाग) अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरा, पलटणे बोटांनी होते, मनगटाने नाही.

पट्टा ताणून धरा. सैल पट्टा पात्याखाली खोलगट होतो आणि कडेजवळ वर वळतो, त्यामुळे रोज थोडी थोडी धार गोल होत जाते. सुरुवातीला वेग नको. पूर्ण पाते एकाच आवाजाने सरकते आहे ना ते ऐका. आवाज बदलला तर कुठे तरी पाते उचललेले आहे. ताणायला जमत नसेल तर पट्टा फळीवर चिकटवा.

हिरवी पेस्ट वापरायची तर वेगळ्या पट्टीवर, आणि फक्त 0.5 मायक्रॉन लिहिलेले क्रोमियम ऑक्साइड. धातू पॉलिशच्या दुकानात मिळणाऱ्या हिरव्या वडीत पुष्कळदा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे मोठे कणही मिसळलेले असतात, ते सुरीला चालतात. पेस्टवर आठ-दहा फेरे पुरे, महिन्यातून एकदा. रोज केले तर उतार गोल होतो आणि पुढे दगडावर कड लागत नाही.

रानवारा

तिरके धरून हजारावर पुन्हा बसलो, टाचेकडची शाई गेली. 8000 आणि पट्टाही झाला. दाढी होते, पण हनुवटीवर ओढते आणि गळ्यावर जळजळ होते. एकाच धारेत दोन तक्रारी कशा?

भिंग

दोन्हींची कारणे वेगळी असू शकतात. ओढण्याचे कारण बहुधा टोकाकडचा भाग असेल. हनुवटीशी टोकाकडचाच तिसरा हिस्सा वापरला जातो, आणि तिरक्या फेऱ्यात टोक शेवटी थोडाच वेळ दगडावर असते. टोमॅटोची चाचणी फक्त शेवटच्या दोन सेंटिमीटरवर करा. तिथे साल अडखळली तर हजारावर परत जा, फक्त तेवढ्या भागासाठी, आणि फेऱ्याचा शेवट दगडावर जरा लांबवा.

जळजळीची दोन कारणे. एक, 4000 चे दात राहिलेत. दुसरे, 8000 वर गरजेपेक्षा जास्त फेरे झाल्याने कडेवर तारेसारखा पातळ पदर आला आहे. तो पदर पहिल्या काही ओढींना छान कापतो आणि मग तुटून खरखरीत कड मागे ठेवतो. म्हणजे दाढीची सुरुवात चांगली आणि शेवट वाईट असे झाले असेल तर हेच. 8000 वर पाच-सहा फेरे उलटे, पाठ पुढे करून मारा, मग दहा सुलटे, पात्याच्या वजनाशिवाय काहीही दाब न देता. नंतर पट्टा नव्याने.

निसणा

आणि धरण्याचा कोनही बघा. गालावर पाठ त्वचेपासून पाठीच्या दीड-दोन जाडी एवढीच वर हवी. 45 अंशांनी धरले तर उत्तम धारही गळा सोलते. साबण पाणी सोडून फुटेल असा नको, दाट आणि ओला हवा.

दर्यावर्दी

कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात धार लावण्याइतकेच ती राखणे अवघड आहे. कार्बन पोलादाच्या कडेवर गंज एका रात्रीत चढतो, आणि तो डोळ्याला दिसण्याआधी दाढीला जाणवतो.

दाढी झाल्यावर पाते कोमट पाण्याने धुवा, टिश्यूने पाठीकडून धारेकडे पुसा, कापडाच्या पट्टीवर दहा फेरे मारा. धारेलगतचा ओलावा पुसण्याने जात नाही, कापडाच्या घर्षणाने जातो. मूठ उघडी ठेवून अर्धा तास वाळू द्या, कारण पाणी खिळीत आणि मुठीच्या आतल्या बाजूला साचते. न्हाणीघरात ठेवू नका. तुरटी लावलेला ओला हात पात्याला लागू देऊ नका, तिचे पाणी आम्लधर्मी असते आणि पोलादावर करडे डाग पाडते.

आठवडाभर वापरायचा नसेल तर शिलाई मशीनचे तेल किंवा औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन, एक थेंब, बोटाने पसरून. खोबरेल नको: ते थंडीत गोठते आणि काही महिन्यांनी खवट, चिकट होते. वापरण्याआधी तेल पुसून चामड्यावर नाही, कापडावर आधी फिरवा, म्हणजे पट्टा तेलकट होणार नाही. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा जून ते सप्टेंबर पुरतो. पुड्या मंद आचेच्या तव्यावर नव्हे, ओव्हनमध्ये वाळवा, आणि रंग बदलणाऱ्या दाण्यांच्या असल्या तर रंग बघून.

पायताण

दर्यावर्दी, चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते. तो डब्यात बंद करू नका, हवेशीर ठिकाणी टांगा. पांढरी बुरशी दिसलीच तर कोरड्या ब्रशने झाडून, स्पिरिटचा पिळलेला कपडा एकदा फिरवून सावलीत वाळवा. पृष्ठभाग खडबडीत झाला असेल तर 600 चा कोरडा पेपर एकाच दिशेने, अगदी हलका, आणि त्यानंतर चामड्याची सगळी धूळ पुसून निघेपर्यंत वस्तरा त्यावर आणू नका.

रानवारा

टोमॅटोवर शेवटचे दीड सेंटिमीटर अडखळते. हजारावर तेवढ्याच भागाची वर्तुळे सुरू केली आहेत. मार्करची शाई आता कडेपर्यंत जाते, पण डाव्या बाजूला उजवीपेक्षा पट्टी रुंद दिसते आहे.

निसणा

थोडा फरक चालतो, पाते क्वचितच अगदी सरळ असते. पट्टी दुप्पट रुंद दिसत असेल तर पाते किंचित पिळलेले आहे, किंवा त्या हाताचा दाब जास्त पडतो आहे. हात बदलून पाहा: वस्तरा डाव्या हातात घेऊन तीच बाजू घासा. रुंदी तशीच राहिली तर पाते पिळलेले. मग दगडाच्या 25-30 मिमी रुंदीच्या बाजूवर, त्या भागापुरते तिरके फेरे मारा. अरुंद दगड पिळाच्या खोलगट बाजूत उतरतो, रुंद दगड तिथे पोचत नाही. बाजूही आधी सपाट करून घ्या.